आकडा कोणाच्या मनगटाचा

रांझीतल्या गुलाबरावांच्या क्वार्टरसमोर गर्दी मावत नव्हती. श्वासेश्वर महाराजांनी मालनबाईंचा फोन उंच धरला होता. पडद्यावर नाव त्यांच्या नवऱ्याचं, गुलाबरावांचं, आकडा अठ्ठ्याण्णव.

“देखो, डॉक्टर की मशीन खुद गवाही दे रही है. बीमारी मेरे चेले ने अपने ऊपर खींच ली.”

त्यांच्या बाजूला उभा दणकट चेला हसला. गुलाबरावांचा पट्टा त्याच्या मनगटावर होता.

गुलाबरावांची मुलगी हर्षा वाट काढत घरात शिरली. ती मझौलीला राहून तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. वडिलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं निकामी होत चालली होती, म्हणून इस्पितळानं तो पट्टा दिला होता. रक्तातला प्राणवायू मोजून तो आकडा घरी, तिला आणि डॉक्टरांना पाठवायचा. आठवडाभर आकडे इतके चांगले येत होते, की तिनं शाळेत पेढे वाटले. इस्पितळाचे चौकशीचे फोनही थांबले.

गुलाबराव खाटेच्या काठावर बसून, गुडघ्यांवर हात रोवून श्वास ओढत होते. ओठ निळसर. प्राणवायूचं यंत्र कोपऱ्यात बंद, वर झेंडूचा हार.

“आई, हे काहून बंद केलं?”

“यंत्र चालू राहिलं तर आजार वापस येते म्हणे.” मालनबाईंनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहायचं टाळलं. “आपल्यात हे चालत नाही, ठाऊक आहे मले. पण यांचा दम पाहवत नव्हता, हर्षे.”

हर्षानं यंत्र सुरू करून नळी वडिलांच्या नाकाला लावली. मग बाहेर येऊन चेल्याच्या हातावरचा पट्टा सोडवला आणि शेजारच्या ममताकाकूंना बांधला. थोड्या वेळानं फोनवर आलं: गुलाबराव, सत्त्याण्णव.

“अच्छा, म्हणजे आता मी गुलाबराव?” काकू म्हणाल्या. लोक हसले.

“कृपा फैल रही है, बेटी,” महाराज म्हणाले.

हर्षानं आत जाऊन पट्टा वडिलांना बांधला. फोनवर चौऱ्याऐंशी.

“देखा? शंका की, और गिर गया.” महाराजांनी आसन गुंडाळलं. अर्धे लोक माना डोलवत त्यांच्यामागे गेले. 

“पट्टा नाव ओळखत नाही,” ती दारात उरलेल्यांना म्हणाली. “ज्याच्या हातावर, त्याचाच प्राणवायू मोजतो. कोणी कोणाचा आजार ओढून घेत नाही. कौतुक करण्याआधी एवढं तरी विचारा, आकडा कोणाच्या मनगटाचा.”

गुलाबरावांनी तिची ओढणी धरली. “त्या चेल्यालेच... बांध पोरी. तेवढा वेळ... फोनात तरी मी बरा असतो.”

 तेवढ्यात फोन वाजला. इस्पितळाचा होता. आकडा घसरलाय, पेशंटला लगेच घेऊन या.

“पाहा बाबा,” ती म्हणाली, “खरा आकडा तिकडे पोचला, म्हणून कोणी बोलावलं तरी.”