कोरा करकरीत तंबू

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. आज माझा रंग उडाला आहे आणि अंगभर ठिगळे आहेत. पण एके काळी मी अगदी कोरा करकरीत होतो. ते दिवस आठवले की मला अजूनही वाईट वाटते.

माझा जन्म परदेशातला. इकडे महापुरात घरे वाहून गेली हे ऐकून तिकडच्या अनोळखी माणसांनी पैसे जमवले आणि आम्हा भावंडांना जहाजाने पाठवले. मोठ्या उमेदीने आलो आणि थेट गोदामात जाऊन पडलो.

आमचे गोदामबाबू काही वाईट नव्हते. दुसऱ्याच्या पैशाला कधी हात लावला नाही त्यांनी! पण ऑडिटची त्यांना फार धास्ती. "परदेशी पैशाचा माल आहे. फाटला तर उत्तर कोण देणार? आधी ऑडिट होऊ दे, मग वाटू," असे ते म्हणत. आमच्यात डांबरगोळ्या ठेवत, डोळ्यांत तेल घालून उंदरांवर पाळत ठेवत. एवढे लाड कुठल्या तंबूचे झाले असतील?

कुंपणापलीकडे एक भाजीवाली प्लॅस्टिकच्या कागदाखाली राहत होती. सोबत म्हातारे सासरे. त्यांचा खोकला आत ऐकू यायचा. ती येऊन विचारायची, "भाऊ, आज तरी मिळेल का तंबू?"

"ताई, ऑडिट होऊ द्या," बाबू मान खाली घालून सांगायचे. माझा जीव तुटायचा, पण गाठोड्याला कुठे पाय असतात?

अखेर ऑडिटच्या बाई आल्या. त्यांनी आम्हाला मोजले, उलगडून पाहिले. एकही कमी नाही, एकालाही भोक नाही.

"बघा मॅडम, आला तसाच ठेवलाय माल!" बाबूंची छाती फुगली होती.

बाईंनी माझ्यावरून हात फिरवला. "तोच तर आक्षेप आहे माझा. यात कुणी राहिलंच नाही."

"पण फाटला असता तर?"

"तर मी लिहिलं असतं, वापरला."

बाबू मला खांद्यावर टाकून तडक कुंपणापलीकडे गेले. भाजीवाली बरेच दिवस गोदामाकडे फिरकली नव्हती. कागदाखाली ती एकटीच बसली होती.

"घ्या ताई, तुमचा तंबू."

तिने माझ्याकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही. "सासऱ्यांसाठी मागत होते हो मी. माझं काय, मी कुठंही पडेन."

पुढे ती एका लेकुरवाळीला सोबत घेऊन माझ्यात राहिली. मी उन्हात विटलो, वाऱ्यात फाटलो. मित्रांनो, कुणाच्या मदतीसाठी आलेली वस्तू कधी तुमच्या हाती पडली, तर तिला नवी ठेवू नका. गरजवंताच्या घरी तिला वेळेवर फाटू द्या.