ऋषिपंचमीची टोपली

गोजराबाईच्या तोंडी लागायची हिंमत रिसोडच्या भाजीबाजारात भल्याभल्यांना होत नसे. मेथीची जुडी कोणी उगाच उलटीपालटी करून पाहिली, की ती म्हणायची, "घ्याची असंन तं घे, पोरगी पाहाले आला का?" अशा बाईची वाट कोणी अडवावी? पण अडवली होती. माळीपुऱ्यातून नदीवर जाणाऱ्या वाटेत लोखंडी फाटक बसलं होतं, आणि ऋषिपंचमी तोंडावर आली होती.

फाटकामागे पाच मजल्यांची नवी कोरी इमारत होती. प्रत्येक घराची गॅलरी नदीकडे, खाली बाग, बागेतून पाण्यापर्यंत फरशीच्या पायऱ्या. जाहिरातीच्या फलकावर एक गोरीगोमटी बाई त्याच पायऱ्यांवर बसून चहा पीत होती. ही जागा म्हणजे परवापरवापर्यंत गोजराबाईच्या घरचं वावर. नवरा दौलतराव आणि मुलगा धीरज यांनी ते बिल्डरला दिलं आणि बदल्यात धीरजला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. गोजराबाईला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सून उज्ज्वला खूश होती, घरामागचा भाजीचा मळा शाबूत होता, आणि वावर आपलं होतं, आपण दिलं. वाटेची गोष्ट वेगळी. वाट गावाची होती.

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती. सासरे मारोतराव जिवंत होते तोवर वावराच्या वाटेकडच्या कडेला आले की बैल थांबवायचे, नांगर उचलायचे आणि वळायचे. एकदा नव्या सालदार गड्यानं नांगर थोडा पुढे दामटला, तर म्हाताऱ्यानं त्याच्याकडून फावड्यानं सगळी माती सारखी करून घेतली. "वाटंवर नांगर घालाचा नाही," एवढंच म्हणाले. त्या वाटेनं बाया धुणं घेऊन जात, गुरं पाण्यावर जात, आणि ऋषिपंचमीला अख्खा माळीपुरा अंघोळीला जाई.

त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, हातानं पिकवलेलंच चालतं. गोजराबाईच्या मळ्यात बैल कधी शिरला नाही, सगळं कुदळीचं काम. म्हणून पंचमीला ती अंबाडी, भेंडी, दोडकी, लाल भोपळ्याच्या फोडी अशी टोपली भरून नदीवर नेई आणि अंघोळ करून वर आलेल्या प्रत्येकीच्या ओटीत घाली. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा हा नेम. त्या भाजीचा तिनं कधी पैसा घेतला नाही, आणि त्या दिवशी माळीपुऱ्यात दुसरी भाजी शिजली नाही. खरं सांगायचं तर वर्षातला हाच एक दिवस, जेव्हा गोजराबाई भांडत नसे.

यंदा मात्र ती भांडायलाच निघाली होती. आठ दिवस ती घरोघरी सांगत फिरली, "पंचमीले पाहा. फाटक सोतःहून उघडते, का गोजरा उघडते."

सकाळी बाया जमल्या. हातात आघाड्याच्या काड्या, काखेत कोरडं लुगडं. पुढे गोजराबाई, डोक्यावर टोपली, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून शेजारीण कस्तुराबाई. या दोघींचं एकमेकींशिवाय पान हलत नसे आणि एकमेकींशी पटतही नसे. फाटकावर मोहनसिंग नावाचा वॉचमन होता, जवळच्याच तांड्यावरचा. एवढ्या बाया पाहून तो खुर्चीतून उठला.

"काकू, मले बोलून काय फायदा? मी पगारी माणूस. फ्लॅटवाल्यायशिवाय कोणाले आत सोडाचं नाही, असं साहेबानं सांगतलं हाय."

"साहेबाच्या बापाची हाय का वाट?" गोजराबाईनं टोपली खाली ठेवली आणि पदर खोचला. "गावाची वाट हाय. थांब, तुले साक्षीदारच आणून दाखोतो."

आणि तिनं दौलतरावांना बोलावणं धाडलं. स्वतःच्या हातानं धोंडा पायावर पाडून घेणं म्हणतात ते हेच, पण ते तिला कसं कळावं?

दौलतराव आले. बायांनी बाजूला होऊन त्यांना जागा दिली.

"सांगा याले," गोजराबाई म्हणाली. "वाट कोणाची हाय?"

दौलतरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "घरी चाल. घरी सांगतो."

"घरी कायले? इथंच सांगा. चारचौघीत आयकू द्या."

"वाट आपली होती," दौलतराव म्हणाले.

कोणाला काही समजलं नाही. गोजराबाईला तर नाहीच.

"मोजणी झाली तवा मले समजलं. आपली हद्द वाटंच्या पार तिकडल्या बाभळीपर्यंत होती. बाबानं आपल्याच वावरातून वाट सोडली होती अन् कोणाले सांगतलं नाही. मले बी नाही."

"मंग?"

"बिल्डर म्हणे, वाटंसकट देसान तं घेतो. नाहीतं सौदा नाही. धीरजचा फ्लॅट..." ते थांबले.

"अन् तुमी देल्ली."

"सही तं तुयी बी हाय," दौलतराव हळूच म्हणाले.

गोजराबाईला सहीचा दिवस आठवला. नवं लुगडं नेसून ती रजिस्ट्रीच्या ऑफिसात गेली होती. पेन हातात घेताना मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "वाटंचं मी काई बोलत नाही बाप्पा, ते गावाची हाय." समोरचा बिल्डरचा माणूस गालातल्या गालात हसला होता. दौलतराव खोकले होते. बाई किती मोठ्या मनाची, म्हणून तो हसला असेल असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता त्या हसण्याचा अर्थ तिला कळला. तिनं फाटकाचा गज धरला. सासऱ्यांनी वाट दिली आणि बोलून दाखवलं नाही. तिनं ती विकली, आणि तिला कळलंही नाही. आठ दिवस दारोदार जाऊन ती ज्या चोराला शिव्या देत होती, तो चोर तिच्याच घरात जेवत होता. अर्धा चोर तर ती स्वतःच होती.

मोहनसिंगला बिचाऱ्याला तिची दया आली. त्यानं कडी काढली आणि फाटक एका माणसापुरतं उघडलं.

"तुमाले कोण अडवते, काकू? तिसऱ्या मजल्यावर तुमचाच फ्लॅट हाय. तुमी या. बाकीच्यायले नाही जमत."

बाया गोजराबाईकडे पाहत होत्या. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देणं तिला येत होतं.

"जाय वं गोजरा," कस्तुराबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "एकीची तरी अंघोळ घडू दे." आणि ती मागे वळली. बायाही वळल्या.

गोजराबाई आत गेली नाही. टोपली डोक्यावर घेऊन ती त्यांच्या मागे चालू लागली, थोडं अंतर राखून. दौलतरावांनी टोपलीला हात लावायला पाहिलं, तिनं लावू दिला नाही.

मारुतीच्या देवळापाशी हापशी होती. बाया आळीपाळीनं दांडा मारत होत्या आणि एकमेकींच्या डोक्यावर तांब्या ओतत होत्या. गोजराबाईची पाळी शेवटी आली. कस्तुराबाईनंच दांडा मारला, कस्तुराबाईनंच पाणी ओतलं. रीत कोणी मोडली नाही.

मग ओलेत्यानंच गोजराबाईनं टोपलीवरचं फडकं काढलं आणि पहिल्या बाईपुढे भाजीची ओंजळ धरली.

"राहू दे वं बाई, घरी हाय माह्या," ती बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, तिच्या जावेनं आणली आहे. तिसरीनं नुसती मान हलवली. सगळ्या गोड बोलत होत्या, पाव्हण्या बाईशी बोलावं तसं. शेवटी कस्तुराबाई उरली. गोजराबाईनं दोन्ही हातांनी भाजी पुढे केली.

"माह्या घरी हाय वं भाजी," कस्तुराबाईनं लुगड्याचा पदर आवळून घेतला आणि ती घराकडे निघाली.

कस्तुराबाईच्या अंगणात साधं मिरचीचं झाडसुद्धा नव्हतं.