साठ मार्कांचं शेत

शेताला मार्क देतात हे मला या वयात कळलं. शंभरपैकी साठ पडले की एक संस्था करार करते. शेत आपलंच, पिकवायचंही आपणच, पण तिथे बंगला कुणाच्या बापाला बांधता येणार नाही. नातवंडांनासुद्धा नाही.

मला तेच हवं होतं. नागावच्या रस्त्याला आमचं दीड एकर, आणि माझ्या लेकाला, सुजितला, ते विकायची घाई. सातबाऱ्यावर दोघांची नावं, म्हणजे सह्याही दोघांच्या. आठवडाभर भांडलो, तेव्हा म्हणाला, "आये, साठ पडले तर गुमान सही करतो. न्हाय पडले तर विकायचं. मग रडायचं न्हाय."

संस्थेची कल्पिता नावाची पोरगी फॉर्म घेऊन आली. विहिरीच्या कठड्याआड सावलीला बसलो. "मावशी, भात किती होतं?"

आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं फॉर्मवाला दिसला की आम्ही नुकसानच सांगत आलो. पंचनामा असतो ना! आणि परक्यापुढे आपल्या शेताचं कौतुक केलं तर दृष्ट लागते, ते वेगळंच. तोंडातून आपसूक गेलं, "कसलं भात, बाय! निम्मं उंदीर खातात, उरलं तर डुकरं."

"विहिरीचं पाणी?"

"मचूळ."

"माती?"

"मेली दगडासारखी हाय."

पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, चौतीसच झालेत."

मी तिचं पेनच धरलं. "अगो, खोटं बोलले मी! सोनं पिकतं हितं!"

"आता कसं खोडू? घरचं दुसरं कुणी सांगेल का?"

तेवढ्यात पांढरी गाडी थेट शेतात घुसली. सुजित! निकालाचीही वाट बघवली नाही मेल्याला, गिऱ्हाईक घेऊनच आला. कठड्यापलीकडे उभा राहून सुरू झाला, आम्ही त्याला दिसलोच नाही.

"साहेब, पाणी बघा, मे महिन्यातपण आटत न्हाय. गोड! पंचवीस क्विंटल भात, वर पांढरा कांदा. उंदीर? नाव नको. हा कोपरा सगळ्यात कसदार, बाबा रोप हितंच टाकायचे. खालच्या बांधाला खेकडे भोकं पाडतात, पण श्रावणात रोज हात घालून बघितलं की झालं. मला बाबांनीच शिकवलं."

कल्पिताचं पेन थांबेना. मी पदर तोंडात कोंबून बसले. याला सगळं आठवतंय, आणि मी समजत होते की कार्टं पर्यटकांच्या बोटी फिरवण्यात शेत विसरलं!

शेवटचा रकाना राहिला होता, विकलं जाण्याचा धोका; धोका जास्त तेवढे मार्क जास्त. तिने डोकं वर काढून गाडी बघितली आणि पंधरापैकी पंधरा दिले. बेरीज अठ्ठ्याहत्तर.

तिकडे गिऱ्हाईक म्हणालं, "एवढं चांगलं आहे, तर विकताय कशाला?"

मला राहवलं नाही. उठून उभी राहिले आणि ओरडले, "सांग की आता!"

सुजितने मला बघितलं, पोरीला बघितलं, तिच्या हातातला फॉर्म बघितला. मग त्याची नजर खाली गेली, आणि तो एकदम तडकला.

"ओ साहेब, गाडी मागं घ्या आधी! कांद्याच्या रोपांवर चाक चढवलंय तुम्ही!"