नेस्ताबाईंचे अठ्ठावीस खटके

मी थर्मोस्टॅट बोलतोय. वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणींच्या गावात, नेस्ताबाईंच्या बैठकीच्या खोलीतल्या फडताळावर माझं बस्तान आहे. तळहाताएवढा पांढरा देह, पुढे एक गोल चकती, वर आकड्यांची काच आणि पाठीत दोन बॅटऱ्या. वायर म्हणून नाही. खोली गार पडली की मी स्वयंपाकघरातल्या माझ्या जोडीदाराला हवेतून निरोप धाडतो. जोडीदार म्हणजे बॉयलरशेजारची भिंतीवरची डबी. ती 'खट्' करते, बॉयलर पेटतो आणि घरभर ऊब फिरू लागते.

मला इथे आणलं सियोनेडनं. गावातले बॉयलर तीच बसवते.

"नेस्तामावशी, याला खिडकीत ठेवू नका, दिव्याजवळ नको आणि एप्रनच्या खिशात तर मुळीच नको. तुमच्या अंगाची ऊब लागली की याला वाटेल, घर तापलं."

"म्हणजे आमच्या इडवालसारखाच. स्वतः शेकोटीपाशी बसला की दुसऱ्याची थंडी विसरतो," बाई म्हणाल्या. इडवाल त्यांचा धाकटा भाऊ, खालच्या खोऱ्यात राहणारा.

बाईंना दिसत नव्हतं. सत्तरी गाठता गाठता दोन्ही डोळे गेले होते. पण चाळीस वर्षं लोकरीच्या गिरणीत माग चालवलेली ती बोटं! त्यांनी मला सगळीकडून चाचपलं आणि चकती डावीकडे अडेपर्यंत फिरवली. तिथे पाच अंश. पुढचा प्रत्येक खटका अर्ध्या अंशाचा. अठ्ठावीस खटके मोजले की एकोणीस. रोज सकाळी त्या ओठांतल्या ओठांत मोजायच्या आणि एकदाही चुकायच्या नाहीत. दुकानात मला शंभर जणांनी हाताळलं असेल, पण इतकं नीट मला कुणी वाचलं नव्हतं.

चूक माझीच झाली. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या बॅटऱ्या उतरल्या. तीन आठवडे मी काचेवर बॅटरीचं चित्र लुकलुकवत होतो. मला तेवढंच येत होतं, आणि तेच त्यांना दिसत नव्हतं.

जानेवारीतल्या एका सकाळी मी पार गप्प झालो. बाहेर बर्फाचा कडक थर साचला होता. नेमका त्याच दिवशी इडवाल आला, हातात वृद्धाश्रमाचा अर्ज घेऊन. बाई कोट घालूनच चहा पीत होत्या.

"बघ! घरात बसून तोंडातून वाफ निघतेय तुझ्या," तो म्हणाला. "कर सही. तिथे सगळं आयतं मिळेल."

"आधी स्वयंपाकघरातल्या डबीवर दिवा आहे का ते सांग."

"आहे. हिरवा."

"मग तिला वीज मिळतेय. याचा निरोपच पोचत नाही तिच्यापर्यंत." बाईंनी मला उचललं, पाठीवरचं झाकण सरकवलं, जुन्या बॅटऱ्या काढून टेबलावर ठेवल्या. खणातून दोन नव्या घेतल्या. स्प्रिंग कुठे आहे ते नखानं बघून पहिली नवी बॅटरी बसवली. दुसरी मात्र हातातून निसटली आणि घरंगळत गेली.

"दे इकडे, मी लावतो."

"हात मागे. नुसती उचलून दे."

इडवालनं कण्हत कण्हत वाकून बॅटरी शोधली, टेबलावर ठेवली, चष्मा पुसला आणि बाईंच्या हातात दिली. झाकण बसलं. मला काही जाग येईना. काच कोरी ती कोरीच.

"ते यंत्रच गेलंय, नेस्ता. आणि तुला ते कळतसुद्धा नाही."

बाईंनी दोन्ही बॅटऱ्या बाहेर काढल्या आणि बोटभर उंचीवरून एकेक टेबलावर उभी सोडली. पहिली 'ठप्प' करून जागीच बसली. दुसरी टुणकन उडून आडवी झाली.

"रिकामी झालेली उडते. ही जुनी दिलीस मला. डोळे असून!"

इडवाल खजील झाला. त्यानं नवी शोधून दिली. मी जागा झालो, निरोप धाडला. थोडा वेळ काहीच नाही. मग स्वयंपाकघरात 'खट्' झालं आणि बॉयलर घुमू लागला. मला आवाज असता तर मी ओरडलो असतो.

तासाभरानं इडवालनं कोट काढला. अर्ज घडी होऊन खिशात गेला. निघताना तो दारात घुटमळला. "नेस्ता, माझ्या घरातला थर्मोस्टॅट नेहमी म्हणतो घर तापलंय, आणि माझे पाय गार."

"कुठे ठेवलायस?"

"टीव्हीवर."

बाई खोकला येईपर्यंत हसल्या.

तेव्हापासून ऑक्टोबरात, हिवाळ्यासाठी इथे सगळे घड्याळं तासभर मागे करतात त्या दिवशी, बाई माझ्या दोन्ही बॅटऱ्या एकदम बदलतात, कोरड्या फडक्यानं धूळ पुसतात. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याचंही एवढं करा. आम्हाला ओरडता येत नाही.

मी आता म्हातारा झालोय. माझ्या काचेवरचे आकडे एकेक करून विझले. परवा सियोनेड नवा थर्मोस्टॅट घेऊन आली, सगळा काचेचा, देखणा. बाईंनी त्यावर बोटं फिरवली.

"गुळगुळीत आहे गं हा. माझ्याशी बोलणार कसा?"

"पण मावशी, या जुन्यावर आता काहीच दिसत नाही!"

"मला कधी दिसत होतं?"

सियोनेड नवा घेऊन परत गेली. मी राहिलो.