साकीनाक्यात घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या सुलक्षणाचा आवाज इतका बारीक, की ती हसली तर आधी शेजारच्या मांजराला कळायचं आणि मग आम्हाला. माझी बहीण प्रेमा, तिची ही धाकटी. डोकं मात्र असं, की वर्गात गणित अडलं तर मास्तर फळा सोडून तिच्या बाकाशी येऊन उभे राहायचे.

शिकून ती थेट मर्चंट बँकेत लागली. म्हणजे कारखानदारांचे शेअर लोकांसाठी बाजारात आणायचं काम. पण १९८५ साली घाटकोपरच्या भटवाडीत हे कोणाला ठाऊक? पोरगी बँकेत लागली म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी चारजण पासबुक भरून घ्यायला दारात.

वर्ष सरलं. एका शनिवारी ती माझ्या गॅलरीत येऊन बसली आणि डोळे पुसायला लागली.

"काय झाला गो? रडतंस कित्याक?"

"मामा, वाट लागली माझी. पहिल्या वर्षाचा रिव्ह्यू झाला. मॅडम म्हणाल्या, काम चोख आहे, पण क्लायंटसमोर तोंड उघडत नाहीस. सगळ्यांना कायम केलं, मला नाही. तीन महिने दिलेत. सुधारले नाही तर घरी."

मॅडम म्हणजे मृणालिनीबाई, तिच्या साहेब. मुलुंडच्या. कडक, पण मनात काही न ठेवणाऱ्या.

"आणि तू तोंड का उघडत नाहीस?"

"साकीनाक्याचे पंपवाले चंद्रप्रकाश शेठ आहेत ना, त्यांचे शेअर आम्ही बाजारात आणतोय. त्या इश्यूमध्ये त्यांनी जुहूचं हॉटेल घुसवलंय. पंपाचा कारखाना वाढवायला म्हणून लोकांकडून पैसे घ्यायचे आणि त्यातले हॉटेलात घालायचे. चूक आहे ते. मला दिसत होतं."

"मग बोललीस का नाही?"

"सगळी मोठी माणसं बोलत होती. मला कोणी विचारलंच नाही."

आता ही आमच्या घरातली शिस्त. वडीलधारे बोलत असताना विचारल्याशिवाय पोरांनी मधे पडायचं नाही. पोरगी ती शिस्त घेऊन नरिमन पॉइंटच्या ऑफिसात गेली आणि तिथेच अडकली.

मी म्हटलं, "सुलू, तुझा शेठ देवापेक्षा मोठा?"

"काहीतरीच काय मामा!"

"मग देवासमोर आपण गप्प बसतो काय गो? गावाला गाऱ्हाणं कसं घालतात?"

आमच्या कोकणात देवाशी बोलायची ही रीत. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, उभा राहतो, आधी देवाने काय काय दिलं ते मानाने बोलतो. मग जे खुपतं ते बेधडक देवाच्या तोंडावर सांगतो. आणि शेवटी काय हवं ते स्वच्छ मागतो. दर वाक्याला भोवतालची मंडळी ओरडतात, "व्हय महाराजा!" देव आजवर कधी रागावलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी. डोक्याला टॉवेल गुंडाळून मी शेठ झालो. पहिल्या दिवशी तिचं गाऱ्हाणं माझ्या डाव्या कानापर्यंत आलं, उजव्यापर्यंत पोचलं नाही. पण नळावर पाणी भरणाऱ्या उत्तरावहिनींनी सवयीने "व्हय महाराजा" म्हटलं आणि पोरीला चेव आला. आठवड्याभरात अख्खी चाळ साथीला. शेवटच्या दिवशी असा गजर झाला, की आमच्या छपरावरची कबुतरं उठली ती मानखुर्दला जाऊन बसली. अजून तिथेच आहेत, कोणीही जाऊन बघावं.

मग साकीनाक्याची मीटिंग. मी तिथे नव्हतो. सुलूने एक सांगितलं, शेठच्या कारखान्याचे मॅनेजर लवू सावंत यांनी दुसरं. दोन्हींतलं चांगलं चांगलं मी उचललंय.

शेठ हॉटेलचा नकाशा पसरून बसलेला. सगळे माना डोलावतायत. कोणी काही विचारलेलं नसताना सुलक्षणा उभी राहिली.

"शेठ, तुम्ही एका शेडमध्ये सुरुवात केलीत. आज गावोगावच्या विहिरींवर तुमचा पंप चालतोय. लोक डोळे मिटून तुमचं नाव घेतात."

शेठ खूश. मृणालिनीबाईंचं पेन हवेतच थांबलं.

"पण लोक पैसे देणार ते पंपाच्या भरवशावर. त्यात हॉटेल दिसलं तर त्यांचा भरवसा जाईल. शेअर पडून राहील आणि पंपाचंही नाव खराब होईल. तेव्हा शेठ, हे हॉटेल यातून काढा!"

शेवटचा सूर अगदी आमच्या गॅलरीतला लागला. आणि सवयीने ती थांबली.

"व्हय महाराजा!" लवू सावंत खुर्चीतून गरजले.

शेठने मान वळवली. "लवू, ये क्या बोला तू?"

"तोंडातून गेलं शेठ. आमच्याकडे गाऱ्हाणं घातलं की म्हणतात."

"किसको घालते हो?"

"देवाला."

शेठने जरा ताठ बसून शर्टाची कॉलर नीट केली. "और भगवान नहीं माना तो?"

"तर पुढच्या वर्षी परत घालतो शेठ," सुलक्षणा म्हणाली, "आणखी मोठ्या आवाजात."

शेठचं पोट आधी हललं, मग हसू बाहेर आलं. हसता हसता तो लवूकडे वळला. "मतलब तुझे भी हॉटेल नहीं चाहिए था? इतने महीने बोला क्यों नहीं?"

"तुम्ही विचारलं नाहीत शेठ."

शेठने नकाशा स्वतःच्या हाताने गुंडाळला. "हॉटेल मैं अपने पैसे से बनाऊंगा. इसमें से निकालो."

परतताना टॅक्सीत मॅडम गप्प. घाटकोपर मागे पडलं तरी गप्प. शेवटी सुलक्षणाच म्हणाली, "मॅडम, मला कायम करणार ना?"

"तीन महिने कुठे झालेत अजून?"

सुलक्षणा सावरून बसली, घसा खाकरला. "मॅडम, तुम्ही मला नोकरी दिलीत, टेबल दिलंत, चुका समोर बसवून सांगितल्यात..."

"अगं बाई, बस! केलं कायम!" मृणालिनीबाईंनी तोंडावर पदर धरला. "आता ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांग. मघापासून हसू दाबून माझ्या पोटात दुखायला लागलंय."