रविवारी उपाशी माणूस हवा

वसुधाताईंच्या श्रावणी रविवारच्या व्रताला फार काही लागत नसे. सूर्याला अर्घ्य, पाटावर रांगोळीचं सूर्यमंडळ, अळणी जेवण आणि जेवणाआधी एक कहाणी. कहाणी कुंभारणीची, सासूबाईंकडून आलेली. अट एकच होती. ऐकणारं माणूस उपाशी हवं. त्याने मुठीत तांदळाचे दाणे धरून ऐकायचं, कहाणी संपली की ते पाटावर वाहायचे आणि मगच दोघांनी जेवायचं. तोवर सांगणारीनेही पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. आणि सूर्य मावळायच्या आत कहाणी झाली नाही, तर वसा तुटला. तुटलेला वसा पुन्हा घेता येत नाही, असं सासूबाई बजावून गेल्या होत्या.

साताऱ्याला ही अट कुणाला अट वाटलीच नव्हती. पूजा होईपर्यंत सगळं घरच उपाशी असे. पण मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये सकाळी उपाशी माणूस शोधायचा म्हणजे दिवसा चांदण्या शोधण्यासारखं. हेमचंद्ररावांना डायबेटिस, त्यांना गोळीबरोबर सातला खाणं सक्तीचं. सोळा वर्षांची दीपा तर डोळे नीट उघडायच्या आधी सीरियलमध्ये दूध ओतायची. राहता राहिली मैत्रीण शैला. ती बिचारी दर श्रावणात रविवारी गाडी काढून यायची. एकदा कहाणी ऐकता ऐकता तिला शिंक आली आणि ओठावरचा टोस्टचा चुरा थेट सूर्यमंडळात पडला.

"अगं, अर्धाच खाल्ला होता," शैला म्हणाली. "म्हणजे अर्धी तर उपाशी आहे ना मी?"

वसुधाताई तिला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. फक्त सोमवारी स्वतः निर्जळी उपास केला. त्यानंतर शैला शनिवारी रात्रीसुद्धा बेताने जेवू लागली.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ही शैलाच भावाकडे पुण्याला गेली. श्रावण तोंडावर आलेला. वसुधाताई देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "आता तुझं तू बघ."

त्याच ऑगस्टात कॉलेजच्या थिएटरात कॅनडाचा सीझन सुरू झाला. एरवी ट्रॉयची मंडळी नदीवरचा पूल ओलांडून कॅनडात फिरायला जायची. आता महिनाभर कॅनडाच इकडे येणार होता, नव्या तऱ्हेचे नाच आणि नवी नाटकं घेऊन. दीपा तिथे तिकिटं फाडायला व्हॉलंटियर होती. कलाकारांना गावातल्या घरांमधून उतरवायचं ठरलं, तेव्हा या बाईसाहेबांनी परस्पर आपल्या घराचं नाव देऊन टाकलं.

"मॉम, गेस्ट रूम रिकामीच आहे ना? मी हो म्हटलं."

"अगं, पण आपलं खाणं, माझं सोवळं..."

"शी इज अ डान्सर, मॉम. डान्सर्स काही खात नाहीत."

अशी सोलांज घरात आली. मॉन्ट्रियलची, वयाने वसुधाताईंच्याच बरोबरीची. केस मुलासारखे कापलेले, आणि चाल मांजरीची. मागून कधी आली ते कळायचं नाही. मराठी कळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिच्या फ्रेंच वळणाच्या इंग्रजीशी वसुधाताईंच्या सातारी इंग्रजीचं पहिल्या दिवसापासून छान जमलं.

तिचा पहिला प्रयोग बघायला दोघं नवरा-बायको गेली. रिकाम्या घरातली एक बाई दिवसभर भांड्याकुंड्यांशी बोलते, खुर्चीवर चढते, जमिनीवर लोळते, भिंतीला कान लावते. बोलते ते सगळं फ्रेंचमध्ये.

"हा नाच आहे की पाठदुखी?" हेमचंद्रराव कुजबुजले.

"हळू बोला. तिला ऐकू जाईल."

"मराठी कुठे कळतंय तिला!"

मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. थिएटरच्या मॅनेजरने सोलांजला सांगितलं, पुढच्या खेपेला बोलणं इंग्रजीत करा, लोकांना काही समजत नाही. ती घरी आली ती तोंड पाडूनच.

दुसऱ्या दिवशी श्रावणातला पहिला रविवार. वसुधाताई पाटाजवळ मुठीत दाणे घेऊन बसल्या होत्या, पण समोर माणूस नव्हता. इतक्यात सोलांज आली. तिने नळाचं पाणी ग्लासात घेतलं आणि उभ्यानेच प्यायली.

"ब्रेकफास्ट देऊ ना?"

"नको. शोच्या दिवशी शो होईपर्यंत मी खात नाही. पोट भरलं की पाय जड होतात."

वसुधाताईंनी कान टवकारले. "काहीच नाही? कॉफी? बिस्किट?"

"फक्त पाणी."

पाहुण्याने नको म्हटलेलं ऐकून एवढा आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता. त्यांनी तिला पाटासमोर बसवलं, मुठीत दाणे दिले आणि कहाणी सुरू केली.

कुंभारणीची भट्टी पेटत नव्हती. लाकडं ओली, घरात दाणा नाही. दारी भुकेला वाटसरू आला. ती म्हणाली, बाबा, भाकरी नाही, पण कहाणी आहे. तेवढ्यात शेजारची बकरी आत घुसली आणि पूजेचे दाणे खाऊ लागली. इथे वसुधाताई नेहमी बकरीसारख्या ओरडत, कारण सासूबाई ओरडत. कुंभारणीने बकरीला हाकललं नाही. म्हणाली, तीही भुकेलीच, तीही ऐकेल. बकरी आणि वाटसरू दोघांनी ऐकलं, आणि कहाणी संपता संपता भट्टी आपोआप धडधडून पेटली. तो वाटसरू म्हणजे साक्षात सूर्यनारायण.

सोलांज मांडी घालून बसली होती. ती नुसत्या कानांनी ऐकत नव्हती. वसुधाताईंचा आवाज खाली आला की तिचे खांदे खाली येत, बकरी आली की तिच्या भुवया उड्या मारत. इतकी वर्षं कहाणी सांगत आलेल्या वसुधाताईंना अशी ऐकणारी पहिल्यांदाच भेटली होती.

दाणे वाहून झाल्यावर ती म्हणाली, "मला एक शब्दसुद्धा समजला नाही. बकरीशिवाय. हे चालतं?"

"अट उपाशी असण्याची आहे," वसुधाताई म्हणाल्या. "समजण्याची नाही."

 सोलांज उठली आणि तिने मॅनेजरला फोन लावला. प्रयोग फ्रेंचमध्येच होईल, म्हणाली.

पुढचे दोन रविवार कसे गेले ते कळलं नाही. शेवटचा रविवार आला तो मात्र लेबर डेच्या सुट्टीत. दुपारी सीझनचा समारोप, त्यात सोलांजचा शेवटचा प्रयोग. नंतर सगळ्या कंपनीला खाऊ घालायचं म्हणून वसुधाताईंनी पहाटे उठून कांदा-लसूण न घालता बटाटेवडे तळले. स्वतः अळणी, त्यामुळे मीठ चाखायची सोय नव्हती. ते त्यांनी देवावर सोपवलं. आंघोळ, पूजा उरकून त्या दाणे घेऊन वळल्या, तर सोलांज दारात उभी. चेहरा असा, जणू घरातला देव हातून फुटला.

"वासूदा, मी केळं खाल्लं."

आदल्या दिवशी तालमीत तिला घेरी आली होती. डायरेक्टरने ताकीद दिली होती, उद्या न खाता आलीस तर स्टेजवर पाय ठेवू देणार नाही. तिने तोंडात टाकलं, गिळलं आणि मग तिला आठवलं.

"अगं, बरं केलंस," वसुधाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "आधी तब्येत."

त्यांनी फोन हातात घेतला. निम्मं ट्रॉय तळ्याकाठी गेलेलं, उरलेलं मंडळाच्या पिकनिकच्या तयारीत. शेवटी मंडळातल्या प्रतिमाने फोन उचलला.

"उपाशी? वसुधाकाकू, लाँग वीकएंडला कोण उपाशी राहतं? आमचे पोहे झाले, आता मिसळ चाललीय. तुम्ही पण या ना!"

"मी आहे की," हेमचंद्रराव पेपरातून म्हणाले. "मी तर कायमचाच भुकेला."

"अहो, सकाळी दोन पोळ्या खाल्ल्यात तुम्ही."

"त्या औषध म्हणून खाल्ल्या. जेवण म्हणून कुठे?"

वसुधाताईंना हसू आलं, पण वसा तुटायची भीती काही गेली नाही. मग त्यांना सुचलं, सोलांज खात नाही तशी कंपनीतली बाकी मंडळीही खात नसणारच! वड्यांचा डबा, स्वतःसाठी खिरीचा डबा, दाण्यांची पुडी घेऊन त्या लवकरच थिएटरवर पोचल्या. रंगमंचामागे जाऊन बघतात तर लांबच लांब टेबल, त्यावर सँडविचचे ढीग, आणि सगळी कंपनी खांद्याला खांदा लावून खातेय. घेरीचं प्रकरण झाल्यामुळे डायरेक्टरने सगळ्यांनाच सक्तीने खायला बसवलं होतं.

"भरपूर खा," वसुधाताई हळूच म्हणाल्या आणि प्रेक्षकांत हेमचंद्ररावांशेजारी जाऊन बसल्या.

प्रयोग सुरू झाला. भुकेने त्यांना गरगरल्यासारखं होत होतं. स्टेजवरची बाई पुन्हा भांड्यांशी बोलू लागली, पण या वेळी तिची उजवी मूठ मिटलेली होती. अगदी दाणे धरल्यासारखी. बोलणं संपेपर्यंत तिने ती उघडली नाही. कुणी उठून गेलं नाही, साधं खोकलंही नाही. शेवटी तिने जमिनीकडे वाकून मूठ सोडली, आणि हेमचंद्रराव सगळ्यांच्या आधी उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

पडदा पडल्यावर वडे निघाले. मीठ बरोबर पडलं होतं, देवाने राखलं. डायरेक्टरने चार खाल्ले. दीपा मात्र भिंतीला टेकून उभी होती.

"घे ना गं. गरम नाहीत, पण बरे झालेत."

"नको."

"का? बरं वाटत नाही का?"

दीपाने नखं कुरतडली. "मॉम, आय अॅम हंग्री. मी सकाळपासून काही खाल्लं नाही."

"काय सांगतेस! का?"

"सोलांजने केळं खाल्लं ना. मी जिन्यात होते. मग मी सीरियल घेतलंच नाही." ती घाईने पुढे म्हणाली, "दिवसभर सांगायची हिंमत नव्हती. इट्स सो वियर्ड. पण आता भयंकर भूक लागलीय, प्लीज लवकर सांग."

 वसुधाताई रिकाम्या स्टेजवरच बसल्या. समोर दीपा, तिच्या मुठीत दाणे. वडे खाणारी मंडळी आपोआप गप्प झाली. कुंभारीण आली, ओली लाकडं आली, वाटसरू आला, "...आणि त्याने कहाणी ऐकली, आणि भट्टी..."

"मॉम! बकरी राहिली!"

"बें-एं-एं!" मागून सोलांज ओरडली, तोंडात वडा असतानाच.

"अगं बाई! खरंच की." वसुधाताई दचकून थांबल्या. "पण दीपा, तुला कशी गं ठाऊक बकरी? तू तर कधी बसली नाहीस ऐकायला."

"माझी खोली किचनच्या वरच आहे. व्हेंटच्या जाळीतून सगळं ऐकू येतं. लहानपणापासून."

"मग खाली का नाही आलीस एकदाही?"

दीपाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढं कसं कळत नाही. "सीरियल खाल्लेलं असायचं ना!"

वसुधाताईंनी पदर डोळ्यांना लावला. मग पदर खोचून त्या पुन्हा सरसावून बसल्या आणि बकरीला आत घेतलं. अशा मोठ्यांदा ओरडल्या की पडद्यामागचा दिवेवाला बघायला धावत आला. भट्टी पेटली. दीपाने दाणे वाहिले.

"झालं?"

"झालं."

दीपाने एका हाताने वडा उचलला आणि दुसऱ्या हाताने खिरीचा डबा आईपुढे सरकवला. बाहेर पार्किंग लॉटवर अजून लख्ख ऊन होतं.