वजा एक सेकंद

"सर, वजा एक कित्याक खोडलात?"

पायस सरांचा खडू फळ्यावरच थांबला. गणित साधेच होते. समुद्रालगतच्या वीस मीटर उंच कड्यावरून सेकंदाला पंधरा मीटर वेगाने नारळ सरळ वर फेकला, तर तो पाण्यात कधी पडेल? वर्गसमीकरण सोडवले की दोन उत्तरे येतात, चार आणि वजा एक. चाराभोवती गोल, वजा एकवर काट. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी पडवीतल्या शिकवणीत हात तसाच चालत होता.

"वेळ कदी उणो आसता काय गो?"

"बाबाक पण तुमी ह्याच सांगलात." सारिकाने दप्तरातून पिवळी पडलेली वही काढली.

ती उघडायच्या आधीच सरांनी ओळखली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात तिच्या बापाने, सिद्धेशने, वजा एक खोडले नव्हते. खाली लिहिले होते, 'आपण फेकण्याच्या एक सेकंद आधी समुद्रानेच हा नारळ पंचवीसच्या वेगाने वर फेकला असता, तर तो आपल्या हाताशी असाच आला असता.' शेजारी लाल शून्य. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले होते. "नारळी पौर्णिमेक दिल्लो नारळ दर्यान परत धाडल्यान काय रे?" पोरे हसून लोळली होती.

संध्याकाळी घरी त्यांनी आकडे घालून पाहिले. पोराचे बरोबर होते. उद्या वर्गात सांगू, असे त्यांनी ठरवले. दुसऱ्या दिवशी सिद्धेश आला नाही. नंतरही आला नाही. वडिलांच्या होडीवर गेला.

पुढे तो मालवणच्या बंदरावर भेटायचा. "सर, बांगडे ताजे आसत," म्हणत पिशवीत दोन जास्तच टाकायचा. शब्द सरांच्या ओठांशी यायचे. मग कोणी गिऱ्हाईक मध्ये यायचे, किंवा कोणीच यायचे नाही आणि तरीही ते नुसतेच मान हलवून निघायचे. मागच्या श्रावणात होडी उलटली. दोघे पोहत किनाऱ्याला लागले. सिद्धेश आला नाही.

"तेचा बरोबर होता," सर फळ्याकडे बघत म्हणाले.

"माका म्हायत आसा. बाबा म्हणायचो, सरांका कळलेला आसा. लाजतत ते. एक दिस सांगतले."

सरांनी खडू खाली ठेवला. बोटांना लागलेली पूड ते बराच वेळ धोतराला पुसत राहिले.

"मगे तेका सांगूक कित्याक नाय?"

"धाडस झाला नाय गो."

सारिकाने वही त्यांच्यापुढे सरकवली. "मार्क घाला."

सरांनी लाल पेन काढले. शून्यावर रेघ मारली, शेजारी पाचपैकी पाच लिहिले, सही केली. सहीखाली तारीख घालायची त्यांची जुनी सवय. पेन तिथे टेकले आणि टेकूनच राहिले. शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. वाऱ्याने उलटू नये म्हणून सारिका पान दोन्ही हातांनी धरून उभी होती.